अक्षर तिचंच होतं

सकाळी सातला फोन वाजला. पलीकडे लेखिकेचा नवरा होता. "वेलांटी, मी आत्ता परगावाहून आलो. ही घरात नाही. टेबलावर चिठ्ठी आहे. लगेच ये."

वेलांटी तशीच निघाली. ती प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायची. ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक सुटत नसे, म्हणून लेखिकेनंच तिला हे नाव ठेवलं होतं. घर, नाती, मैत्री यांवरच्या लेखिकेच्या नऊ कादंबऱ्या तिच्या हाताखालून गेल्या होत्या.

ती पोचली तेव्हा फौजदार आले होते. लेखिकेची शाळेपासूनची मैत्रीण नवऱ्याला धीर देत बसली होती. तिचं टायपिंगचं दुकान होतं. लेखिकेची हस्तलिखितं तीच टाइप करायची.

चिठ्ठी एवढीच होती: 'मी जाते आहे. मला शोधू नकोस. तुझ्यासमोर पुन्हा उभं राहायची ताकद माझ्यात नाही.'

"अक्षर त्यांचंच?" फौजदारांनी विचारलं.

"तिचंच."

"भांडण झालं होतं?"

"नाही हो." नवऱ्यानं चिठ्ठी पुन्हा वाचली. "पण सव्वीस वर्षांत तिनं मला कधी अरे-तुरे केलं नाही. इतकी का चिडली असेल?"

"बाई सज्ञान आहेत, स्वतःहून गेल्यात," फौजदार म्हणाले. "थोडी वाट बघू."

वेलांटीनं कागद हातात घेतला. वरून बोटभर आखूड. कड जरा तिरकी. खाली कोपऱ्यात पेन्सिलीची बारीक टिक. तशी टिक तिनं हजारो पानांवर पाहिली होती.

मैत्रिणीचा हात आता वेलांटीच्या खांद्यावर होता.

"नवी कादंबरी कुठवर आली?" वेलांटीनं तिला शक्य तितक्या सहज विचारलं.

"अकरा प्रकरणं टाइप झाली. तेवढीच तर तुझ्याकडे पाठवली. बारावं तिनं अजून मला दिलंच नाही."

वेलांटी उठली आणि फौजदारांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"ही चिठ्ठी नाही," ती म्हणाली. "कादंबरीचं पान आहे. ताई प्रत्येक पानाच्या माथ्यावर आकडा घालतात. तो कुणीतरी कापलाय. 'तू' म्हटलंय ते नवऱ्याला नाही. कादंबरीत एक बाई तिच्या मैत्रिणीला पत्रं लिहिते, त्यातलं हे आहे. हे पान पहिल्या अकरा प्रकरणांत नाही, ती मी वाचलीत. म्हणजे बाराव्यातलं."

"मग ते इथं कुणी ठेवलं?"

"पान टाइप झालं की खाली पेन्सिलीनं टिक करायची सवय एकाच माणसाला आहे. ज्या बारावं प्रकरण मिळालंच नाही म्हणतात, त्यांना. आणि या घराची दुसरी किल्लीही त्यांच्याकडेच असते."

मग मैत्रिणीनं पर्स उचलली. "मला दुकान उघडायचंय."

फौजदार दारात आडवे झाले. "बाई कुठं आहेत?"

मैत्रिणीनं पर्स खाली ठेवली. "माझी आई अंथरुणाला खिळली होती. मी दोन दिवस दाराला कुलूप लावून निघून गेले. परत आले तर ती गेलेली. हे मी जगात फक्त हिला सांगितलं होतं, आणि हिनं ते जसंच्या तसं बाराव्या प्रकरणात उतरवलं."

"कुठं आहेत त्या?"

"दुकानाच्या माळ्यावर. झोपेच्या गोळ्या दिल्यात."

"किती?"

"मोजल्या नाहीत."

फौजदार जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या उतरत धावले. पुढचा अर्धा तास वेलांटी नवऱ्याचा हात धरून बसली. कोण कुणाला धीर देतंय तेच कळत नव्हतं. मग फोन आला: श्वास चालू आहे.

संध्याकाळी दवाखान्यात लेखिकेनं डोळे उघडले. वेलांटीनं तिला सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता.

लेखिकेनं तोंड भिंतीकडे वळवलं.

"ते प्रकरण काढून टाकतेय, हेच सांगायला तिच्या माळ्यावर गेले होते मी," ती म्हणाली. "तिनं चहा पुढे केला. म्हटलं, आधी चहा पिऊ, मग सांगते."