अकरा हजार दोनशे सहावी नोंद

“मी कुलूप काढून मोकळ्या केलेल्या फोनचा कंपनीला आजपर्यंत पत्ता लागला नाही मॅडम, अन् लागणार बी नाही,” मोरेश्वर घाटोळे म्हणाला. “आपलं काम म्हणजे कसं, झोपलेल्या माणसाच्या अंगावरून सदरा काढून घ्यायचा, अन् त्याची कूस नाही बदलली पाहिजे.”

तेवढ्यात त्याच्या टेबलावर पाठ उघडी टाकून पडलेला एक फोन बोलायला लागला.

“सावधान. हा फोन अनधिकृत हातांत आहे. कंपनीला कळवण्यात आलं आहे. कृपया मालकाला शोधावं.”

आवाज बाईचा होता, अतिशय नम्र, आणि सीताबर्डीच्या चौथ्या मजल्यावरून खालच्या बांगडीवाल्यांना ऐकू जाईल इतका मोठा. मोरेश्वरने आवाज कमी करायचं बटण शोधलं. ते त्यानेच सकाळी काढून वाटीत ठेवलं होतं. मग त्याने फोनवर उशी दाबली. बाई उशीतून बोलत राहिली. बॅटरी एक्याऐंशी टक्के होती.

मालकाला शोधायला लांब जायची गरज नव्हती. निवृत्त मुख्याध्यापक पांढरीपांडे सर समोरच्याच स्टुलावर बसले होते. त्यांचा चेहरा लाल झाला. हात छडी धरल्यासारखा वर गेला. मग त्यांच्या मनगटावरची पट्टी बारीकशी थरथरली, आणि चेहरा होता तसा झाला.

“असू दे,” सर म्हणाले. बोलणारा फोन रुमालात गुंडाळून त्यांनी खिशात घातला आणि ते उतरायला लागले. चारही जिने त्यांचा खिसा मालकाला शोधत होता.

“राग झाला जमा,” मोरेश्वर म्हणाला. “पट्टी नसती तर आज मी मार खाल्ला असता. हां, तर तुमचं काय होतं, मॅडम?”

डॉ. शर्वरी देवपुजारी विद्यापीठात चेतासंस्था शिकवत असे. तिच्याबरोबर तिच्या सासूबाई आल्या होत्या, इंदूबाई, हातात कपड्यांची पिशवी घेऊन. पाचच्या गाडीने त्या अमरावतीला लेकीकडे कायमच्या निघाल्या होत्या. जायच्या आधी एकदा इथे चला, एवढीच विनंती शर्वरीने केली होती.

“माझा नवरा वारला,” शर्वरी म्हणाली. “सुहास. एकोणीस दिवस झाले. गुरुवारी सकाळी दाढी करताना गेला. अर्ध्या गालाला साबण होता.”

“अरेरे.”

“मला काही वाटलं नाही. मी ॲम्ब्युलन्सवाल्याला गाडी फाटकासमोर लावू नका म्हणून सांगितलं, आणि राहिलेला गाल पुसला. ते वाटणं फोनमध्ये आहे. मला ते हवंय.”

“ते समजावून सांगा मला एकदा,” इंदूबाई म्हणाल्या. “चार जिने चढून आली मी. लेक गेला माझा, अन् हिच्या डोळ्यात टिपूस नाई. मी म्हणते जीवच नव्हता हिचा त्याच्यावर. ही म्हणते फोनमध्ये आहे.” त्यांच्याकडे बटणांचा जुना फोन होता आणि मनगटावर काही नव्हतं. त्यामुळे घरात एकोणीस दिवस त्या एकट्याच रडत होत्या.

“आई, माणसाला दुःख होतं, राग येतो, हसू येतं, तेव्हा आधी छातीत नि पोटात एक लाट उठते,” शर्वरी म्हणाली. “ती नसांमधून मेंदूला पोचली, की आपण म्हणतो, वाटलं. ही मनगटपट्टी लाट मध्येच अडवते.”

“अन् मंग ती जाते कुठं?”

“वाया नाही जात, मावशी,” मोरेश्वरने सूत्रं हाती घेतली. “फोनमध्ये नोंद होते. याला भावविलंब म्हणतात. सहा वर्षांमागं कंपनीनं सगळ्यांच्या कार्यप्रणालीत घालून दिला. कसं आहे, ऑफिसात कोणी रडू नये, रस्त्यावर कोणी भांडू नये. नोंद टपालासारखी पडून राहते. तुम्हाला वेळ असला की फोन ती मनगटातून परत सोडतो. मंग वाटते.”

“वेळ म्हणजे केव्हा?”

“दिवसात सलग दोन तास काहीच काम नसलं की.”

इंदूबाईंनी सुनेकडे बघितलं.

“सहा वर्षांत एकदाही नाही,” शर्वरी म्हणाली. “एकदा मिळणार होते. तेवढ्यात फोननेच दातांच्या डॉक्टरची वेळ घेऊन टाकली.”

मोरेश्वरने तिचा फोन तपासणीच्या पडद्याला जोडला. एकूण नोंदी: ११,२०६.

“पहिली आलेली पहिली सुटणार, हा कंपनीचा नियम,” तो म्हणाला. “तुमचे साहेब शेवटल्या नंबरवर आहेत; त्यांच्यानंतरचं सगळं त्याच नोंदीत भरत गेलं. रोज दोन तास मोकळे ठेवले, तरी चार वर्षं लागतात. आधी सहा वर्षांमागचे विनोद येतील, मंग कॉलेजातली भांडणं, मंग कोणाची साडी पाहून झालेला जळफळाट...”

“म्हणून तर तुमच्याकडे आले. तुमच्या प्रणालीत नोंद निवडता येते म्हणे.”

“येते. ‘मोकळ’ नाव तिचं. माझ्या स्वतःच्या फोनमध्ये दोन वर्षांपासून आहे. मला सगळं जागच्या जागी वाटते. पण मॅडम, खरं सांगू? दहातल्या आठ लोकांना मी सांगतो, नका करू. हमी जाते. बँक दारात उभी नाही करत. सिटी बसचं दार नाही उघडत. गॅसचा नंबर लागत नाही. अन् कॅमेऱ्यात माणूस हिरवा येतो.”

“हिरवा?”

“मेथीसारखा. ते अजून नाही सुटलं मला. अन् मिळते काय? एक नोंद. नुसती लाट. तिच्यात चेहरा नाही, नाव नाही, आठवण नाही. ते तुमचं तुम्हाला माहीत असलं पाहिजे.”

“मला सगळं माहीत आहे,” शर्वरी म्हणाली. “वाटत नाही एवढंच.”

“नोंद किती मोठी आहे ते दिसते का रे बाबू?” इंदूबाईंनी विचारलं.

“नाही मावशी. आधी दाखवत होते. मंग लोक शेजाऱ्यांशी तुलना करायला लागले. आता फक्त नंबर अन् तारीख.”

शर्वरी वर्गात सांगावं तसं म्हणाली, “आमचं लग्न होऊन एकवीस वर्षं झाली. त्यातली शेवटची सहा मी अशी काढली. ती नोंद एवढीशीच निघाली, तर आई म्हणतात ते खरं. मोठी निघाली तर खोटं. दुसरा पुरावा नाही. बस आणि कॅमेरा गेला तरी चालेल.”

“पट्टीच काढून फेकून दिली तर?” इंदूबाई म्हणाल्या.

“अडवून अडवून नसा सुन्न पडतात, आई. पट्टी काढल्यावर पुढचं जाणवायला तीन-चार महिने जातात. आणि मागचं तर फोनमध्येच राहतं. नोंद सोडली तरच ती थेट मेंदूत जाते.”

“अन् एकदाच जाते हं,” मोरेश्वरने बोट वर केलं. “पोच मिळाली की मूळ बी पुसली जाते अन् नक्कल बी. नाहीतर लोकांनी एकच आनंद दिवसभर चघळला असता. सुरवातीच्या वर्षी एक जण पोराच्या बारशात आठ महिने बसून होता.”

शर्वरीने घड्याळ बघितलं. “करा. मला तीनला तास आहे.”

मोरेश्वरने फोनची पाठ उघडली आणि कुलपाची चिप काढून वाटीत टाकली. मग हात झटकून त्याने सगळ्या नोंदींचा बॅकअप आपल्या यंत्रात घेतला. अकरा हजार दोनशे सहाच्या अकरा हजार दोनशे सहा आल्या.

“आता झालं का?” इंदूबाईंनी विचारलं.

“घाई नाही करायची, मावशी. आमच्या धंद्यात म्हणतात, उघडून न पाहिलेला बॅकअप म्हणजे न घेतलेला बॅकअप. भलेभले इथंच फसतात. जुनं पुसून टाकतात, अन् मंग पाहतात तर अर्धाच उतरला.”

“सगळ्या नोंदी उघडून बघणार?”

“छे. शेवटली उघडायची. शेवटली उघडली म्हणजे आधीच्या सगळ्या आल्या.”

गेली बारा वर्षं तो असंच करत होता. बॅकअप स्वतःच्या फोनला जोडायचा आणि शेवटची वस्तू उघडायची. ती बहुतेक वेळा कोणाच्या तरी जेवणाचा फोटो असायची. आत्ताही त्याने तेच केलं. शर्वरीने ‘थांबा’ म्हणायला तोंड उघडलं, पण त्याचं बोट तोवर खाली आलं होतं. त्याची मनगटपट्टी त्याच्या मनगटावर होती.

मोरेश्वर घाटोळे उभा होता, तो खाली बसला. स्टूल दोन हात लांब होतं. तो जमिनीवर बसला.

आधी त्याला श्वास घेता येईना. त्याने दोन्ही हातांनी सदऱ्याची गळपट्टी धरली, आणि मग त्याच्या तोंडून जो आवाज निघाला त्याने समोरच्या दुकानाचं शटर अर्धं वर आलं, आतल्या माणसाने बघितलं आणि परत खाली घेतलं.

शर्वरीच्या फोनवर अक्षरं उमटली. ‘नोंद ११,२०६ पोचली. धन्यवाद. शिल्लक नोंदी: ११,२०५.’

“काय झालं याला?” इंदूबाई घाबरून म्हणाल्या.

“माझं दुःख याला पोचलं,” शर्वरी म्हणाली.

“मंग परत घे ना!”

“पोचलं ते पुसलं जातं, आई. आता ते कुठेच नाही. फक्त याच्यात आहे.”

मोरेश्वर डोकं भिंतीला टेकून रडत होता. अठ्ठेचाळीस वर्षांचा, दोन मण वजन उचलणारा, मिशीवाला माणूस. मधूनच तो हात पुढे करायचा, कोणाच्या तरी बाहीला धरावं तसा, आणि बाही नाही म्हणून हात तसाच ठेवायचा.

“कसे होते?” त्याने विचारलं. “मॅडम, सांगा ना. कसे होते ते? एवढं होऊन राहिलं मला, अन् मला त्यांचा चेहराही माहीत नाही.”

शर्वरी त्याच्यासमोर जमिनीवर बसली. “उंची पाच फूट सात इंच,” ती म्हणाली.

“अजून.”

“गाडी चालवताना दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायचा. प्रत्येक पाटी. ‘श्री साई टायर्स.’ ‘पत्ता बदलला आहे.’”

मोरेश्वरने हुंदका दिला. “अजून सांगा.”

“त्याला शिंका सहा यायच्या. पाच आल्या की आम्ही बोलणं थांबवून सहावीची वाट बघायचो. तो मला हाक मारायचा तेव्हा त्याला काही काम नसायचं. मी ‘काय’ म्हटलं, की ‘काही नाही, आहेस का बघितलं’ म्हणायचा.”

मोरेश्वर पार आडवा झाला. शर्वरी सांगत राहिली, हजेरी घेतल्यासारखी, आणि प्रत्येक नावाला तो जमिनीवरून उत्तर देत राहिला. तिला सगळं आठवत होतं आणि त्याला सगळं वाटत होतं.

इंदूबाईंनी पिशवी खाली ठेवली. त्या त्याच्याजवळ गेल्या, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि किती तरी वेळ थोपटत बसल्या. मग त्यांनी सुनेकडे वर बघितलं.

“हे सगळं तुझं होतं?”

“हो,” शर्वरी म्हणाली. “एवढं असेल असं वाटलं नव्हतं.”

“मी तुला नाई नाई ते बोलली, शर्वरी.”

“तुम्हाला दिसत नव्हतं, आई. मलाही दिसत नव्हतं.”

ती उठली आणि टेबलाकडे वळली. पडद्यावर ११,२०५ होते. त्या आकड्याकडे बघताना तिच्या पोटातून काहीतरी उठलं, वर निघालं, आणि मनगटावरची पट्टी थरथरली.

‘नवी नोंद जमा झाली. वेळ असेल तेव्हा जाणवेल. एकूण नोंदी: ११,२०६.’

“ही कोणची?” इंदूबाईंनी विचारलं.

“सुहासचं दुःख हातचं गेलं, त्याचं दुःख असणार,” शर्वरी म्हणाली. “घाटोळे, मोकळ चढवा. मला ही हवी आहे.”

मोरेश्वर इंदूबाईंच्या मांडीवरून अर्धवट उठला. “मॅडम, एवढ्याचसाठी? बँक जाईल. बस जाईल.”

“सुहासचं म्हणावं असं आता माझ्याकडे एवढंच आहे.”

“मंग अर्धा तास थांबा. मला दिसून नाही राहिलं.”

“तीनला तास आहे माझा.”

तो भिंत धरून उभा राहिला. नाक ओढत टेबलाशी आला. उघड्या फोनवर वाकून त्याने तार जोडली, भिंग डोळ्याला लावलं आणि ते लगेच धुकं धरून पांढरं झालं, म्हणून काढून ठेवलं. मोकळ चढायला लागली. तीस टक्के. पन्नास टक्के.

“सहावी शिंक,” तो स्वतःशीच म्हणाला, आणि त्याचा चेहरा पुन्हा वाकडा झाला. “आता त्या सहावीची वाट कोण पाहील?”

एक थेंब त्याच्या मिशीतून सुटला आणि फोनच्या उघड्या पाठीत पडला. अश्रूंत मीठ असतं, आणि मिठाच्या पाण्यातून वीज वाहते. बारीकसा वास आला. फोन बंद पडला आणि परत सुरू झाला नाही.

मोरेश्वरने यंत्रातला बॅकअप तपासला. अकरा हजार दोनशे पाच नोंदी सुखरूप होत्या. नवी नोंद बॅकअप घेतल्यानंतरची होती.