खोकायचं नाही, ओरडायचं

रेल्वेचं फाटक नुकतंच उघडलं होतं, आणि रुळांच्या अलीकडे एक माणूस उभा होता — मधोमध, येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाट अडवून. पाऊस बारीक होता. पडतोय की नुसता हवेत लोंबकळतोय ते कळू नये, इतका. त्या माणसानं बोट डावीकडे धरलं, ओठ हलवले. मग बोट उजवीकडे, पुन्हा ओठ. आवाज म्हणाल तर नाहीच. टोपलीतल्या माशासारखं तोंड उघडत होतं आणि मिटत होतं…

त्याच्या मागे मिओरी. उशीर झालेला, आणि छत्री विसरलेली. "डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस" असं जपानच्या या किनाऱ्यावर पाळण्यातल्या पोरालाही सांगतात. पण चोविसाव्या वर्षी कोण कुणाचं ऐकतं?

"अहो महाराज, गाडी गेली केव्हाच! पूजा आटपली असेल तर वाट सोडा."

तो दचकून वळला. कान बघता बघता लाल झाले.

"मी… दोन्हीकडे बघून घेत होतो. बोट दाखवून 'डावीकडे ठीक, उजवीकडे ठीक' असं म्हणायचं असतं ना…"

"म्हणायचं असतं. तुम्ही म्हणालात? कुणाला ऐकू गेलं?"

"मला," तो म्हणाला.

इतक्या हळू म्हणाला, की तिला त्याच्या ओठांकडे बघावं लागलं. आणि ओठांकडे बघावं लागलं, तिथंच घोडं अडलं. खालच्या ओठाच्या कोपऱ्यात एक बारीकसा तीळ होता…

"तुम्ही भिजताय," त्यानं छत्री पुढे केली.

"मला काही गरज नाही," मिओरी तोऱ्यात म्हणाली — आणि छत्रीखाली जाऊन चालू लागली.

दोघांची वाट एकच निघाली. वळण एक, फाटक एक, पायऱ्याही त्याच. वायरिंगच्या कामातली सुरक्षा शिकवणाऱ्या केंद्राच्या दारात दोघांनी एकदमच चपला काढल्या, आणि एकमेकांकडे बघून एकदमच नजर फिरवली.

केंद्रात पाच दिवसांचं शिक्षण, आणि शिकवायला ओकुनोबाई. तीस वर्षं खांबांवर चढून घासलेली बाई. बोलायला लागली की भिंतीतली वायरसुद्धा सरळ व्हावी.

"तुम्ही दोघं एक जोडी," बाईंनी हजेरी घेताना फर्मावलं. "मिओरी, तुझं तोंड डोळ्यांच्या पुढे धावतं, म्हणून मागच्या वेळी नापास झालीस. आणि हिसाशी, तुला तर तोंडच नाही. देवानं जोडून पाठवलंय तुम्हाला. मी कोण मोडणार?"

वर्ग हसला. मिओरीही हसली असती, पण 'नापास' हा शब्द तिला आता परवडणारा नव्हता. इनेच्या खाडीकाठी तिच्या वडिलांचं विजेच्या कामाचं दुकान होतं. तिथली घरं पाण्यातच पाय सोडून बसलेली. खाली होडी, वर माणसं. खारी हवा वायरी खाते, म्हणून काम बारमाही. पण बाबांचा हात आता साथ देत नव्हता. त्यांनी एकच सांगून पाठवलं होतं: "या खेपेला दाखला आण. नाही आणलास तर नव्या वर्षाला दुकानाची पाटी उतरवतो आणि थोरलीकडे नागोयाला जाऊन राहतो. बिनदाखल्याच्या पोरीला मी बोर्डाला हात लावू देणार नाही." पुढचा वर्ग थेट जानेवारीत. म्हणजे आत्ता नाही, तर दुकानच नाही.

बाईंनी फळ्यासमोर बोर्ड ठेवला. "एक काम करणार, एक बघणार. काम करणारा बोट दाखवून मोठ्यानं म्हणणार — मेन बंद, ठीक! 'हात लावू नका' पाटी लावली, ठीक! मग टेस्टर. टेस्टर आधी भिंतीतल्या चालू सॉकेटला लावायचा. वाजला, तर तो जिवंत. मगच बोर्डाला लावायचा. नाही वाजला, तर — वीज नाही, ठीक! मेलेला टेस्टर कुठंच वाजत नाही, एवढं डोक्यात ठेवा. आणि मेन बंद असला तरी दुसऱ्या वाटेनं वीज येते. चोर काय पुढच्या दारानंच येतो?"

"आणि बघणाऱ्यानं काय करायचं?" कुणीतरी विचारलं.

"चूक दिसली तर 'थांब' म्हणून ओरडायचं. ओरडला की परीक्षा तिथंच थांबली, काम करणारा नापास. आणि ओरडला नाही, तर बघणारा माणूसच नापास."

पहिले दोन दिवस हिसाशीचा आवाज हेल्मेटच्या पट्ट्यापुढे गेला नाही. "मेन बंद, ठीक" असं तो म्हणायचा, ते एखाद्याच्या कानात गुपित सांगावं तसं. मिओरीच्या अंगावर काटा यायचा, पण तो भलत्याच कारणानं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती त्याला ओढत बंदराच्या धक्क्यावर घेऊन गेली. समोर राखाडी लढाऊ जहाजं धुक्यात उभी होती, जणू कुणीतरी ओल्या बोटानं काढलेली.

"ओरडा. इथं कुणी झोपलेलं नाही."

तो हसला. "तुम्हाला कसं कळलं?"

"काय कसं?"

"बाबा रात्रपाळीला जायचे. दिवसा झोपायचे. आमच्या घरात मोठ्यानं कुणी शिंकलंसुद्धा नाही कधी."

मिओरीला एकाएकी ते घर दिसलं — पडदे ओढलेले, आणि एक लहान पोर पाय न वाजवता चालतंय. तिनं आपसूक आवाज खाली आणला. ही तिच्या लेखी मोठीच गोष्ट.

"बरं. तो बगळा दाखव आणि म्हण. आणि हो, मला 'तुम्ही' पुरे. मी काही तुझी मावशी नाही."

त्यानं बोट केलं. "बगळा… ठीक."

"बगळ्यालाही ऐकू गेलं नाही!"

"बगळा, ठीक!"

"जहाज?"

"जहाज, ठीक!" यारीकडे, दीपस्तंभाकडे, ढगाकडे… आवाज एकेका पायरीनं वर चढत गेला, जाड, किंचित खरखरीत, न वापरलेल्या भांड्यासारखा लख्ख. मग बोट फिरत फिरत मिओरीवर येऊन थांबलं. 'ठीक' काही येईना.

"काय रे? बिघाड आहे का माझ्यात?"

"तपासतोय."

"मग? किती वेळ?"

"घाई करायची नसते," तो म्हणाला. "बाई म्हणतात."

पाऊस हलकेच सुरू झाला होता. छत्री एकच होती, आणि या वेळी कुणीच गरज नसल्याचं म्हणालं नाही. परतताना मिओरीनं हळूच सांगितलं, "शुक्रवारी मी काम करणार, तू बघणार. काही चुकलं तर ओरडू नकोस हं. नुसता खोक. इथं सगळेच खोकतात. बाईंना कळत नाही, आणि आपण सावरून घेतो. मला हा दाखला हवाच आहे, हिसाशी… दुकान जाईल रे नाहीतर."

छत्री थोडी तिच्याकडे कलली.

शुक्रवारी सकाळी मिओरी बोर्डासमोर उभी राहिली. बोर्डात वीज असलीच तर ती नावापुरती, पण हात लागला की लाल दिवा पेटायचा, तेवढ्यानं काम भागायचं. हिसाशी तिच्या मागे दोन पावलांवर. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता… किंवा येतोय असं वाटत होतं. प्रेमात पडलेल्या माणसाच्या कानांवर विश्वास ठेवू नये.

"मेन बंद, ठीक!" तिचा आवाज घंटेसारखा. "पाटी लावली, ठीक!"

बाईंनी हातात दिलेला टेस्टर तिनं उचलला. आणि तेवढ्यात मागे हिसाशी किंचित हलला, हेल्मेटची पट्टी वाजली, आणि तिच्या मनात धक्क्यावरचं ते बोट उभं राहिलं — तपासतोय… घाई करायची नसते… ती गालातल्या गालात हसली. टेस्टर थेट बोर्डाला लावला. वाजला नाही.

"वीज नाही, ठीक!"

आणि हात पुढे गेला.

"थांब!"

असा आवाज त्या खोलीनं कधी ऐकला नव्हता. खिडकीची काच थरथरली. पलीकडच्या बाकावरच्या पोराच्या हातातून पक्कड पडली. मिओरीचा हात वायरीपासून बोटभर अंतरावर तसाच राहिला.

बाई शांतपणे उठल्या. तिच्या हातातला टेस्टर घेऊन भिंतीतल्या सॉकेटला लावला. तिथंही तो वाजला नाही. त्यांनी तो उघडला. आत सेलच नव्हता. मग दुसरा टेस्टर बोर्डाला लावला. तो केकाटला.

"मागून दुसरी लाइन चालू ठेवली होती मी," बाई म्हणाल्या. "हिसाशी, पास. मिओरी, जानेवारीत ये."

मिओरी दप्तर उचलून बाहेर पडली. मागून पावलं आली.

"मिओरी…"

"खोकला असतास तर काय बिघडलं असतं?" ती गर्रकन वळली. डोळे भरलेले, पण नाक वर. "नुसता एक खोकला! माझ्या लक्षात आलं असतं! चार दिवस वर्गात तोंडातून शब्द निघत नव्हता, आणि आजच बरा कंठ फुटला तुला!"

"ऐकू आला नसता तर?"

"आला असता!"

"तू हसत होतीस," तो म्हणाला. "तू इथं नव्हतीसच. मी खोकलो असतो, आणि तुझा हात… बोर्ड खोटा होता, मला ठाऊक आहे. पण तुझा हात खरा होता ना."

तिनं पाठ फिरवली आणि स्टेशनची वाट धरली. आधी रेल्वे, मग खाडीकाठची बस. तो दोन बाकं मागे बसून होता. ना पुढे आला, ना उतरून गेला. खिडकीबाहेर समुद्र डोळे मिटून पडल्यासारखा संथ. मिओरीनं एकदाही मागे बघितलं नाही. काचेत मात्र तो दिसत होता, आणि काचेत बघायला काय जातं?

दुकानात बाबा जुने स्विच पुसत बसले होते. लेक आली, तिच्या मागे एक ओळख ना पाळख असा पोरगा.

"दाखला?"

"नाही मिळाला," मिओरी म्हणाली.

"तो माझ्यामुळे गेला," हिसाशी पुढे झाला. खोल वाकला, आणि वाकूनच म्हणाला, "टेस्टर तपासायचा राहिला होता. मी 'थांब' म्हणून ओरडलो. खोकायला सांगितलं होतं तिनं. मी खोकलो नाही. तुमचं दुकान माझ्यामुळे बंद होत असेल तर मी माफी मागायला आलोय. पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा ओरडेन."

बाबांनी फडका खाली ठेवला. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं वळत नसत. तो हात त्यांनी गुडघ्यावर ठेवला आणि त्या बोटांकडेच बघितलं.

"माझा जोडीदार खोकला होता," ते म्हणाले.

मिओरीनं चमकून वर बघितलं. हे त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं.

"वरचा साहेब तिथंच उभा होता. ओरडलं तर दोघांची नाचक्की. म्हणून बिचारा खोकला. दोनदा खोकला. मला वाटलं, याला सर्दी झालीय…" बाबा हसले, पण डोळे हसले नाहीत. "चांगला माणूस होता. मरेपर्यंत मला भेटायला यायचा, आणि प्रत्येक वेळी रडायचा."

बाहेर होडी पाण्यावर डुचमळत होती. बाबांनी फडका पुन्हा हातात घेतला.

"पाटी राहू दे. जानेवारीत परत जा. दाखला घेतल्याशिवाय बोर्डाला हात लावायचा नाही. ते काही बदललं नाही. तोवर मी बसतो दुकानात." मग हिसाशीकडे न बघता म्हणाले, "परतीची बस चारला आहे. तोपर्यंत पोरा, मागच्या ओट्यावर जाऊन समुद्र बघ. मला लेकीशी काही बोलायचं नाहीये, म्हणून तिलाही घेऊन जा."

ओट्याखाली पाणी हिरवं, तळ दिसेल इतकं नितळ. दोघं शेजारी उभी राहिली — मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"मी फार बोलले," मिओरी म्हणाली.

"तू नेहमीच फार बोलतेस."

"मग कशाला आलास इतक्या लांब?"

तो ओठ उघडून थांबला. तो बारीकसा तीळ किंचित हलला. मग त्यानं छाती भरून श्वास घेतला.

"कारण मला तू आवडतेस!"

खाडी तिन्ही बाजूंनी डोंगरानं वेढलेली. आवाज पाण्यावरून पलीकडे गेला, घराघरांवर आपटला, आणि आवडतेस… तेस… करत परत आला. समोरच्या ओट्यावर गळ टाकून बसलेली सत्तरीची म्हातारी उठून उभी राहिली.

"अगं मिओरी, हो म्हण लवकर! माझे सगळे मासे पळाले!"

मिओरीनं तोंड उघडलं. गावातलं सगळ्यात धारदार तोंड ते. सकाळ-संध्याकाळ चालणारं… आणि नेमका आताच त्यातून शब्द फुटेना. मधली माणसाची जागा तिनं एका पावलात संपवली, त्याची बाही घट्ट पकडली, आणि समोरच्या म्हातारीकडे बघून मान हलवली — एकदा, मग दुसऱ्यांदा, मग जरा जास्तच वेळ.

"तिला नको सांगूस," हिसाशी आता पुन्हा कुजबुजत होता. "मला सांग."

चारची बस वर रस्त्यावर येऊन थांबली. ड्रायव्हरनं दोनदा भोंगा वाजवला, जरा वाट बघितली, आणि रिकामीच वळणाआड नेली.