मामाची चरबी कुठे गेली?

तीन दिवसांत सर्जेरावमामाचं चार किलो वजन उतरलं, तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. एकट्या तोळोबाला झाला नाही. आता तोळोबा पडला यंत्रमानव, त्याला आनंद व्हायचा प्रश्नच नव्हता. पण त्या दिवशी त्याचा आवाज ऐकून केतकीला वाटलं, याला काळजी मात्र नक्की करता येते.

"चार किलो गेले," तोळोबा म्हणाला, "पण चरबी जागची हललेली नाही. मग गेलं काय?"



गोष्ट साधी नव्हती. केतकीचा धाकटा भाऊ निहार चार वर्षांचा होता आणि त्याचं यकृत (पोटात उजवीकडे, बरगड्यांखाली असणारा आणि रक्त स्वच्छ ठेवण्यापासून अन्न साठवण्यापर्यंत ढीगभर कामं करणारा अवयव) जन्मापासूनच बिघडलेलं होतं. त्याचे डोळे हळद लावल्यासारखे पिवळे दिसायचे. जिना चढायचा म्हटलं तर तो दुसऱ्या पायरीवर बसकण मारायचा. त्या काळी प्रयोगशाळेत कातडी वाढवता यायची, हाड वाढवता यायचं; यकृताचं मात्र अजून जमलं नव्हतं. ते माणसाकडूनच घ्यावं लागायचं. एका बाबतीत यकृत मोठं गुणी. त्याचा तुकडा कापून दिला, तरी देणाऱ्याचं पुन्हा भरून येतं आणि घेणाऱ्याच्या पोटातही तो तुकडा वाढतो.

आईचं जुळलं नाही, बाबांचं जुळलं नाही. जुळलं ते सर्जेरावमामाचं. मामा कोल्हापूरकडचा पैलवान. आता स्वतः कुस्ती खेळत नसे, तालमीत पोरांना शिकवायचा. कुस्ती सुटली तरी खुराक काही सुटला नव्हता, त्यामुळे तपासणीत त्याच्या यकृताचा चौथा हिस्सा नुसती चरबी निघाली. असं यकृत देता येत नाही. "चरबी दहा टक्क्यांच्या खाली आणा," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "निहार महिनाभर थांबू शकेल. त्याहून जास्त नाही."

आणि मामाला तर पळताही येत नव्हतं. एका पोराला डाव दाखवताना त्याचा गुडघा मोडला होता आणि पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता.

म्हणून त्याला मिरजेच्या इस्पितळात श्वासघरात ठेवलं होतं. श्वासघर म्हणजे काचेची हवाबंद खोली. आत जाणारी हवा मोजून जायची आणि बाहेर येणारी हवा मोजून यायची. जेवणाचं ताटसुद्धा काट्यावर चढून मगच आत सरकायचं. हा सगळा मोजमापाचा कारभार तोळोबाकडे होता. त्याचं खरं नाव लांबलचक आणि आकड्यांनी भरलेलं होतं. पण तो गुंजभरही चुकत नाही म्हणून वॉर्डातल्या मुलांनी त्याचं बारसं करून टाकलं होतं.

"आतल्या हवेत पाण्याची वाफ फार आहे," तोळोबा म्हणाला. "मी डॉक्टरांना कळवलं आहे. त्या दुसऱ्या शस्त्रक्रियेत आहेत, मोकळ्या झाल्या की येतील. तू मामांना भेटून घे. पण आधी काट्यावर उभी राहा."

केतकी उभी राहिली. "तुझंही वजन घटलं आहे," तोळोबा म्हणाला. "का?"

"मामा कमी जेवतोय, म्हणून मीपण."

"वाढत्या वयात हाडं, मेंदू, स्नायू सगळं घडत असतं. त्याला सामान लागतं. सामान बंद केलंस तर निहारला काडीचाही उपयोग नाही आणि तुझं नुकसान. आज पोटभर जेवायचं."

केतकीने मान हलवली आणि ती आत गेली.

मामा गळ्यापर्यंत चादर घेऊन पडला होता. बाहेर मे महिना भाजत होता आणि मामाने खोलीतला पंखा बंद केला होता. त्याचे ओठ फुटले होते. पाण्याची बाटली सकाळी भरलेली तशीच होती. केतकीने चादर ओढली आणि ती बघतच राहिली. मामाने अंगात रबरी जाकीट घातलं होतं, गळ्यापर्यंत चेन लावून. त्याच्या हातांवरून घामाच्या धारा लागल्या होत्या.

"मामा, हे काय!"

"गप, ओरडू नगंस. पिशवीतनं आणलंय." मामा हसला, पण त्या हसण्यात जीव नव्हता. "पैलवान हाय मी, पोरी. कुस्तीच्या आदल्या दिशी असंच वजन उतरवलंय जन्मभर. पाणी तोडायचं, घाम गाळायचा. काट्यावर उभं ऱ्हायलं की बसलं हव्या त्या वजनगटात! चरबी वितळतीया बघ नुसती."

"पण तोळोबा म्हणतो, चरबी हललीच नाही."

"त्येला काय कळतंय, आखाडा बघितलाय व्हय त्यानं?" मामाचा आवाज एकदम खाली आला. "केतके, कुणाला सांगू नगंस. ही मंडळी जाकीट काढून घेतील. मग निहारचं कसं व्हायचं? माझ्यापाशी दुसरी कुठली विद्या न्हाई गं."

केतकीने शब्द दिला.  सांगावं तर मामाचा विश्वास मोडतो. न सांगावं तर तोळोबाचं ते वाक्य डोक्यात घण घालत होतं. शेवटी बाहेर येऊन तिने आडून विचारायचं ठरवलं.

"तोळोबा, चरबी वितळली की कुठे जाते?"

"वितळली की?" तोळोबाने तिच्याकडे आपला गोल दिवा वळवला. "तुझ्या जेवणाच्या ताटातली तुपाची वाटी घेऊन ये."

बाहेरच्या वातानुकूलित खोलीत तूप घट्ट झालं होतं. तोळोबाने वाटी काट्यावर ठेवली, मग गरम पाण्यात धरली. तूप पातळ, सोनेरी झालं. वाटी पुसून त्याने पुन्हा काट्यावर ठेवली.

"आता किती भरलं?"

"तेवढंच की."

"वितळलं, पण वाटीतच राहिलं. वितळणं म्हणजे जाणं नव्हे. शरीरातली चरबी तर मुळातच मऊ असते, तिला काय वितळायचं? लोक उगाच तो शब्द वापरतात आणि शब्दामागे धावतात. आता हे बघ."

त्याने कापसाची वात वळली, तुपात भिजवून निरांजनात ठेवली, काचेच्या मोठ्या बरणीत ते निरांजन पेटवलं आणि वरून झाकण लावलं. झाकणाला दोन नळ्या होत्या. एकीतून ताजी हवा आत जात होती. दुसरीतून बरणीतली हवा बाहेर येऊन चुन्याच्या निवळीत (चुना पाण्यात कालवून, तो खाली बसल्यावर वर राहतं ते स्वच्छ पाणी) बुडबुडत होती. निरांजनातलं तूप हळूहळू कमी होऊ लागलं. बरणीच्या काचेवर धुकं धरलं. आणि नितळ निवळी दुधासारखी पांढरी झाली.

"काचेवर पाणी जमलं," तोळोबा म्हणाला. "आणि निवळीत आला तो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे जळण्यातून तयार होणारा वायू. तूप हवेतल्या प्राणवायूशी जोडलं जाऊन या दोन गोष्टी झाल्या. नाहीसं काहीच झालं नाही. आता या नळीतून तू निवळीत फुंक. ओढू नकोस हं, फक्त फुंक."

केतकीने फुंकलं. तिच्या श्वासानेही निवळी पांढरी झाली. ती डोळे विस्फारून बघत राहिली.

"म्हणजे मी पण निरांजनच!"

"ज्योत नसलेलं. तुझ्या शरीरातही तूप असंच जळतं, फक्त फार सावकाश. माणसाची दहा किलो चरबी गेली, तर त्यातली साधारण साडेआठ किलो श्वासावाटे हवेत जाते आणि उरलेल्याचं पाणी होतं."

पुढचं ऐकायला केतकी थांबलीच नाही. तिला उत्तर सापडलं होतं! चरबी श्वासातून जाते, मग घामाची कटकट हवी कशाला? ती काट्यावरून जवळजवळ उडीच मारून श्वासघरात शिरली.

"मामा, जोरजोरात श्वास घे! चरबी श्वासातून जाते! जितके जास्त श्वास तितकी जास्त चरबी!"

मामाचा भाचीवर भारी विश्वास. त्यात दमसास म्हणजे पैलवानाचं घरचं काम. तो उठून बसला आणि लोहाराच्या भात्यासारखा श्वास घेऊ लागला. केतकी टाळ्या वाजवत होती. थोड्याच वेळात मामाची बोटं वाकडी झाली. "मुंग्या आल्या गं," तो पुटपुटला आणि एका अंगावर कलंडला.

खोलीत भोंगा वाजायला लागला. नर्स धावत आल्या, केतकीला कुणीतरी बाहेर काढलं. काचेपलीकडे तो पहाडासारखा मामा गवताच्या पेंढीसारखा पडलेला ती काचेला चिकटून बघत होती. मामा गेला तर? आणि मामाबरोबर निहारही? हे सगळं आपण केलं, आपण एकटीने केलं, एवढंच तिच्या मनात घुमत होतं.

"जाकीट!" ती एकदम किंचाळली. "त्याने आत रबरी जाकीट घातलंय! तीन दिवस पाणी प्यायला नाहीये!"

शब्द मोडला होता. पण तिच्या त्या ओरडण्यामुळेच नर्सने चादर फेकली, कात्रीने जाकीट उभं कापलं आणि मामाच्या हाताला सलाइन लागलं.

मामा शुद्धीवर आला, तेव्हा डॉक्टर त्याला जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. मूत्रपिंडांवर (रक्तातलं नको ते गाळून लघवी बनवणारे दोन अवयव) ताण आला होता. अजून दोन दिवस हेच चाललं असतं, तर मामाला दाता म्हणून बादच करावं लागलं असतं. एवढा मोठा पैलवान, पण उशीत तोंड खुपसून रडला.

केतकी काचेला टेकून जमिनीवर बसली होती. तोळोबा तिच्याशेजारी येऊन खाली वाकला.

"मी चुकीचं ऐकलं का रे?"

"अर्धं ऐकलंस. निरांजनावर जोराने फुंकर मारली तर तूप जास्त जळतं का?"

"नाही. विझतं."

"श्वास म्हणजे जळण्यातून निघालेला धूर समज. धूर जोरात बाहेर ढकलला म्हणून चुलीतलं लाकूड जास्त जळत नाही. उलट तो वायू गरजेपेक्षा जास्त बाहेर गेला की मुंग्या येतात, भोवळ येते. किती जळायचं ते शरीराच्या गरजेवर ठरतं. मामा झोपले असले तरी हृदय चालू, मेंदू चालू, अंग गरम ठेवणं चालू. त्या सगळ्याला जळण लागतं. जेवणातून ते थोडं कमी मिळालं की शरीर आपलं कोठार उघडतं. ते कोठार म्हणजे चरबी. पळण्याने जळण जास्त लागतं, हृदयही बळकट होतं, म्हणून पळणं चांगलंच. पण पाय मोडला म्हणून कोठाराला कुलूप लागत नाही."

"मग अजिबात जेवलं नाही तर सगळं लवकर उघडेल ना?"

"मग शरीर घाबरतं आणि स्नायूसुद्धा मोडून खातं. म्हणून जेवायचं, पण गरजेपेक्षा थोडं कमी. डाळ, अंडी, दही भरपूर, म्हणजे स्नायूंना प्रथिनं (शरीर बांधायचं सामान) मिळतील. गोडधोड बंद. पाणी हवं तेवढं, झोप पुरेशी. आणि हातांनी वजनं उचलायची. वापरात असलेले स्नायू शरीर सहजासहजी मोडत नाही."

"आणि ते चार किलो?"

"ते निव्वळ पाणी होतं. परत येईल."

आलंच. दुसऱ्या दिवशी काट्यावर मामाचं वजन चार किलोंनी वाढलेलं पाहून आईने डोळ्यांना पदर लावला. केतकीला कारण माहीत होतं, तरी तिलाही रडू फुटलं. माहीत असणं वेगळं आणि निहारला धाप लागलेली ऐकणं वेगळं.

मग सुरू झाली खरी परीक्षा. मामा पलंगावर बसून लहान मुदगल (व्यायामाचे लाकडी सोटे) फिरवायचा, मुगाची उसळ चावून चावून खायचा आणि थंडाईच्या आठवणीने सुस्कारे सोडायचा. काटा गोगलगायीसारखा उतरायचा. एखाद्या दिवशी उतरायचाच नाही. केतकी रोज जेवून, मग तोळोबाजवळ येऊन एकच प्रश्न विचारायची, "पुरेल ना वेळ?" तोळोबाला खोटं बोलता येत नव्हतं. "सांगता येत नाही," तो म्हणायचा.

एकदा तो तिला श्वासघराच्या मागच्या बाजूला घेऊन गेला. बाहेर येणारी हवा तिथे चुन्याच्या पेटीतून जात होती आणि खाली एका बरणीत पांढरी भुकटी साठत होती.

"मामांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याने पकडला आहे. त्याची ही भुकटी, म्हणजे खडूच. सगळी काही चरबीची नाही. जेवणाचाही वाटा आहे यात. पण चरबी आहे, रोज थोडी थोडी."

केतकीने बरणीवर हात ठेवला. काटा दिसो न दिसो, ही भुकटी वाढत होती. त्या रात्री तिला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

महिन्याच्या शेवटच्या तपासणीत मामाच्या यकृतातली चरबी नऊ टक्के निघाली. मामाने तोळोबाला मिठी मारली आणि तोळोबाने तेवढ्यातही त्याचं वजन मोजून घेतलं.

शस्त्रक्रियेचा दिवस केतकीने कसा काढला ते तिचं तिलाच ठाऊक. दोन बंद दारं, एकामागे मामा, एकामागे निहार. कुठल्या दाराकडे बघावं ते तिला कळेना. आधी मामाचं दार उघडलं. निहारचं उघडायला पार संध्याकाळ झाली.

पावसाळा सरेपर्यंत निहारचे डोळे पांढरेशुभ्र झाले होते आणि तो जिना पळत चढत होता. तपासणीला ते सगळे मिरजेला गेले, तेव्हा मामा काठीशिवाय चालत होता. तोळोबा आता मनगटावर बांधता येईल असं इवलंसं श्वासघर बनवायला शिकत होता, म्हणजे पुढे कुणाला काचेत कोंडून घ्यावं लागणार नव्हतं. त्याने केतकीच्या हातात एक डबी दिली. त्या भुकटीचे त्याने खडू पाडले होते.

निहारने त्यातला एक उचलला आणि फरशीवर चित्र काढलं. मोठ्ठं गोल पोट, वर मिशा.

"हा मामा."

"अरे, मामा एवढा जाडा राहिला नाही आता," केतकी म्हणाली.

निहारने मामाकडे पाहिलं, मग चित्राकडे. "मग तो जाडा मामा कुठे गेला?"

केतकीने त्याची पांढरी झालेली मूठ आपल्या हातात धरली.

"तुझ्या हातात आहे," ती म्हणाली. "आणि थोडा पोटात."