शून्य नंबरचा चष्मा

त्या दुपारी दादा जेवायला घरी गेला नसता, तर तो माणूस तिच्या वाट्याला आलाच नसता. बाबा आतल्या खोलीत काचा घासत होते, बाहेर ती एकटी होती, आणि हा दारातून आत आला तो एका हातात चष्मा आणि दुसऱ्या हातात त्याची काडी घेऊन.

"काडी निखळलीय. लगेच होईल का?" तो म्हणाला. "नाही, म्हणजे... हा नसला की मला काही दिसत नाही."

आवाज छान होता. जरा जास्तच छान. असल्या आवाजाची माणसं बहुधा काहीतरी गळ्यात मारायला येतात, असं तिचं मत होतं.

तिची मतं अशीच असत. घरात तिला भिंग म्हणायचे, ते काही बाबांचं चष्म्याचं दुकान होतं म्हणून नाही. आईनं दूध तापवलंय म्हणून सांगितलं तरी ही झाकण उचलून बघणार. पाहुणा "सहज आलो" म्हणाला की हिचं लक्ष त्याच्या पिशवीकडे. "हिला देव भेटला तरी ही आधी ओळखपत्र मागेल," असं दादा म्हणायचा.

तिनं चष्मा घेतला आणि सवयीनं खिडकीच्या गजांसमोर धरून हलवला. काचेला नंबर असला की तिच्यातून दिसणारे गज सरकतात. हे गज जागचे हलले नाहीत. तिनं पुन्हा हलवून पाहिलं. ढिम्म. शून्य नंबर. साधी काच डोळ्यांवर चढवून फिरत होता हा माणूस. आणि नेमका त्याच वेळी तो समोरच्या, डोळे तपासायच्या तक्त्यावरची सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळ स्वतःशीच वाचत होता.

"काहीच दिसत नाही?" तिनं विचारलं.

"अजिबात नाही. तुम्हीसुद्धा... अंधुकच दिसताय."

"बरंय मग. मी कशी बघतेय ते कळणार नाही तुम्हाला."

तो हसला. तिनं स्क्रू बसवला आणि चष्मा त्याच्या हातात दिला. बाबांचा दुकानात एक नियम होता: दुरुस्तीची वस्तू ज्यानं घेतली, त्यानंच ती गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यायची, मग कितीही दिवस लागोत. त्यामुळे बोटांना बोटं लागली यात तिचा काहीच दोष नव्हता. त्यानं चष्मा चढवला मात्र, त्याचा हसरा चेहरा एकदम करडा झाला. दुसराच कुणी माणूस समोर उभा असावा तसा. मग तो निघून गेला, आणि इथं कुठंतरी पाणी मुरतंय याची तिला खात्री पटली.

संध्याकाळी ती क्लासला गेली तेव्हा तेच पाणी गळ्यापर्यंत आलं.

हा क्लास परदेशी शिकायला जाणाऱ्यांचा. विद्यापीठानं प्रवेश दिला म्हणजे झालं असं नसतं. वकिलातीत मुलाखत होते आणि तिथला अधिकारी मनात आणलं तर व्हिसा नाकारतो. तिला एकदा नाकारला होता. "शिकून झाल्यावर परत कशासाठी येणार?" या प्रश्नावर ती अडखळली होती. विद्यापीठानं जागा याच सत्रापुरती धरून ठेवली होती. या वेळी हुकलं तर ती दुसऱ्याला जाणार होती. अर्ज क्लासमार्फत असल्यामुळे मुलाखतीची तारीख मॅडम घ्यायच्या, आणि मॅडमची शिस्त अशी की सरावाच्या मुलाखतीत "मंजूर" ऐकल्याशिवाय कुणाची तारीख घ्यायची नाही.

"आजपासून सराव हे घेतील," मॅडम म्हणाल्या. "फार अनुभवी आहेत. नाव विचारायचं नाही, क्लासबाहेर बोलायचं नाही. तिथल्या अधिकाऱ्याची जशी भीती वाटते तशीच यांचीही वाटली पाहिजे."

टेबलामागे तो बसला होता. काळा कोट, करडा चेहरा, आणि नाकावर तिनंच दुपारी जोडलेला चष्मा.

"शिकून परत याल?" त्यानं विचारलं. ओळखीची रेषासुद्धा चेहऱ्यावर नाही.

"येईन."

"कशासाठी?"

"बाबांचं दुकान आहे. ते पुढं मला सांभाळायचंय."

तो चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिला. "नामंजूर."

त्या दिवशी तिच्याशिवाय सगळे पास झाले. एक मुलगा तर चार वाक्यांत तीनदा "सॉरी" म्हणाला होता, तोही पास. भिंगाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

काही दिवसांनी तो पुन्हा दुकानात हजर. काडी सैल.

"स्क्रू आपोआप सैल झाला?" तिनं विचारलं.

"होतो ना. हवेनं."

"हवेला नखं असतात?" तिनं स्क्रूवरचे ओरखडे त्याच्यासमोर धरले.

तो कान खाजवत राहिला. "इथली हवा... जरा लागटच आहे."

"क्लासमध्ये ओळख दाखवत नाही तुम्ही."

"बाहेर बोलायचं नाही असा मॅडमचा नियम आहे."

"मग आत्ता काय चाललंय?"

"आत्ता मी गिऱ्हाईक आहे," तो म्हणाला. "गिऱ्हाइकानं गप्प बसावं असा कुठं नियम आहे?"

तिला हसू आलं आणि तिनं ते चटकन गिळलं. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. हिचं तर व्हिसानं पोळलं होतं. हा माणूस कोण? वकिलातीचा हेर? की दादानं पेरलेला? दुकानात तिसरा हात कमी व्हायला नको म्हणून दादानंच तिला अडवायला माणूस ठेवला नसेल कशावरून? तिनं जेवताना सरळ विचारलंच.

"मी?" दादानं घास हातातच ठेवला. "तू गेलीस की तुझी खिडकीची खोली मला मिळणार आहे. मी तुझी बॅगसुद्धा भरून देईन."

हे उत्तर इतकं स्वार्थी होतं की ते खरं असणारच.

दुसऱ्या सरावातही "नामंजूर". तिनं दुकानाचंच उत्तर दिलं होतं, या वेळी चांगलं घोटून, आरशासमोर पाठ करून. आणि दुसऱ्या दिवशी काडी पुन्हा सैल. तिनं स्क्रू आवळताना मान वर केली नाही. तरी त्याचा हात काउंटरवर, तिच्या हातापासून बोटभर अंतरावर आहे, हे तिला न बघता कळत होतं. हे असं कळणं तिला अजिबात पसंत नव्हतं.

"एक सांगू?" तो हळूच म्हणाला. "दुकानाचं उत्तर तुमच्या तोंडात शोभत नाही. दुकानाचं बोलताना तुम्ही माझ्याकडे बघत नाही. एरवी कशा रोखून बघता..."

"गिऱ्हाइकानं गप्प बसावं," ती म्हणाली.

पण ते तिच्या मनातून जाईना. म्हणून तिसऱ्या सरावाला त्यानं तोच प्रश्न विचारला तेव्हा ती पाठ नसलेलं बोलली.

"दुकानात एक बाई आली होती. कडेवर तान्हं बाळ. ते तिच्या तोंडाकडे बघतच नव्हतं. ती मला म्हणाली, ताई, याला मी दिसते का हो? ... आणि मला सांगता येईना. अक्षरं वाचणाऱ्याचे डोळे मला तपासता येतात. ज्याला बोलताच येत नाही त्याचे कसे तपासायचे? मी तिला म्हटलं, मोठं झालं की आणा. ती गेली. तिचं तोंड मला अजून दिसतं. ते तिथं शिकवतात. मला शिकून यायचंय, कारण ती बाई इथं आहे. दुकान दादा सांभाळेल. मला ते कधीच नको होतं."

हे तिनं आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. बोलून झाल्यावर तिचे कान तापले. टेबलापलीकडे त्यानं चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा घातला. बराच वेळ त्याचे ओठ नुसतेच उघडे होते.

"नामंजूर," तो म्हणाला, अगदी खालच्या आवाजात.

ती उठून चालू लागली. जिन्यात तिला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला तेव्हा चष्म्याची काडी खरोखरच मोडली होती. अंगावर कोट नव्हता. भिंगानं चष्मा ओढून घेतला आणि त्याच्या नाकासमोर, खिडकीच्या गजांवर धरून हलवला.

"बघा. हलतात का गज? नाही. शून्य नंबर आहे हा. पहिल्या दिवसापासून माहितीय मला. कोण आहात तुम्ही?"

"नट," तो म्हणाला.

"काय?"

"नाटकात कामं करतो. इन्स्पेक्टर, कडक मुख्याध्यापक, मुलीचा हेकट बाप. मॅडमनी माझं काम पाहिलं आणि अधिकारी म्हणून ठेवलं. चष्म्यानं वय वाढतं, म्हणून चष्मा. नट आहे हे कुणाला कळलं तर भीती जाईल, म्हणून..." तो थांबला. "पण ते सांगायला आलो नाहीये. पहिल्या दोन वेळा तुम्ही घोकलेलं बोलत होतात. ते नामंजूर खरं होतं. पण काल..."

"काल काय?"

"काल तुम्ही खरं बोललात. मंजूर म्हणायला तोंड उघडलं मी. आणि मनात आलं—म्हटलं की ही जाणार." त्यानं खाली बघितलं. "म्हणून नाही म्हटलं. माझं चुकलं. फार चुकलं."

तिला राग आला. चांगला सणसणीत राग आला. आणि त्या रागाच्या तळाशी काहीतरी गोड हललं, त्याचा तिला आणखीनच राग आला.

"माझी जागा गेली असती."

"म्हणून सकाळीच मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी तुमची तारीख घेतलीय, पुढच्याच आठवड्यातली. आणि मला काढून टाकलं."

"खरं कशावरून?"

"विचारा त्यांना."

दुसरी कुणी असती तर तिनं एवढ्यावर विश्वास ठेवला असता. भिंगानं त्याच्या समोरच फोन लावला. तारीख खरी होती. काढून टाकल्याचंही खरं होतं. "आणि त्या दीडशहाण्याला सांग," मॅडम म्हणाल्या, "कोट धुऊन आणून दे म्हणावं."

तिनं निरोप जसाच्या तसा दिला. तो हसला नाही. "चष्मा राहू दे," म्हणाला. "आता कुठं लागणारेय?" आणि गेला.

खऱ्या मुलाखतीला समोर एक बाई होत्या, सर्दीनं बेजार. त्यांनी नाक पुसत विचारलं, परत कशासाठी येणार? तिनं त्या बाळाची आणि त्याच्या आईची गोष्ट सांगितली, सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून. बाईंचा रुमाल नाकापाशीच थांबला. मग त्यांनी पासपोर्ट ठेवून घेतला. म्हणजे मंजूर.

घरी आनंदीआनंद झाला. दादानं लगेच तिच्या खोलीतल्या खिडकीची मापं घेतली. ती मात्र रोज दुपारी दाराकडे बघायची आणि आपण बघतच नाही असं स्वतःला सांगायची.

निघायच्या आदल्या दिवशी तो आला.

"चष्मा... झाला का?"

"आता लागत नाही म्हणाला होतात."

"नवीन नाटक आहे. त्यात मी डॉक्टर आहे. बढती झाली माझी."

ती काउंटरच्या मागे ताठ बसली. समोरच्या स्टुलाकडे बोट दाखवलं. तो बसला.

"माझी वाट बघाल?" तिनं विचारलं. आवाज तिनं शक्य तितका करडा केला होता.

"बघेन."

"कशासाठी?"

"कारण..." त्याला पुढं बोलताच येईना. एवढा नट, पण शब्द सापडेना. "माझं... काहीच पाठ नाहीये. तुम्ही आवडता मला. स्क्रू मी नखानंच काढायचो. बोटं दुखायची."

"आत्ता तरी हे नाटक नाही कशावरून?"

"नाटकात मी इतका वाईट कधीच बोललो नसतो."

तिनं त्याच्याकडे रोखून बघितलं. तो घामेजला होता, कान लाल झाले होते. तिनं खण उघडला, चष्मा काढला. काडी केव्हाच जोडून झाली होती. तिनं तो मऊ कापडात गुंडाळला आणि त्याला द्यायच्या ऐवजी स्वतःच्या प्रवासाच्या पर्समध्ये ठेवून चेन ओढली.

"अहो, हे काय?"

"झाला नाहीये अजून."

"कधी होईल?"

"शिक्षण संपलं की."

"एका काडीला इतका वेळ?"

"नाजूक काम आहे." तिचा आवाज आता करडा राहिला नव्हता. "आणि आमच्याकडे ज्यानं घेतलं त्यानंच आणून द्यायचं असतं. विचार बाबांना."

आतून काच घासण्याचा आवाज केव्हाच थांबला होता. "बरोबर आहे," बाबा आतूनच म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

तिनं त्याला "विचार" म्हटलं होतं, "विचारा" नाही, हे त्याच्या आता लक्षात आलं. तो तिच्याकडे बघत राहिला. मग काउंटरवरचं बोटभर अंतर त्यानं ओलांडलं, आणि तिनं हात मागे घेतला नाही.

"लवकर आण," तो म्हणाला. "तो नसला की मला काही दिसत नाही."

त्याच्या समोरच तक्ता होता, मुंगीएवढी ओळ होती, तपासून बघणं सोपं होतं. पण भिंगानं तपासलं नाही. तिनं नुसती मान हलवली, आणि पहिल्यांदाच कुणाचं बोलणं जसंच्या तसं खरं धरलं.