आतून उत्तर

गेल्या वर्षी, म्हणजे १९५८ साली, जमीन मोजणीच्या नोकरीवर माझी पनवेलला नेमणूक झाली आणि खाडीकडच्या अंगाला कमळाबाईंच्या घरात आम्ही दोन खोल्या घेतल्या. संडास परसाच्या टोकाला, विहिरीपलीकडे. चार पायऱ्या, पत्र्याचं दार, कडी नाही. त्यामुळे जाणाऱ्यानं बाहेर खाकरायचं आणि आत कोणी असेल तर त्यानं खाकरून उत्तर द्यायचं, अशी रीत.

"आतून आवाज आला तर थांबा, भाऊ," घरमालकीण कमळाबाई म्हणाल्या. "कोन हाय म्हनून इचारायचं नाय. आमी पन थांबतो."

मला हसू आलं. पण एका सकाळी माझी बायको चंद्रावती, सातवा महिना लागलेली, पांढरीफटक पडून परत आली. आतून उत्तर आलं होतं. मी दाढी करत होतो, कमळाबाई चुलीपाशी होत्या. घरात चौथं माणूस नव्हतं.

मी जाऊन दार उघडलं. फिनेलचा वास, ओली फरशी, बाकी काही नाही. तरी ती जाईना. तांब्या घेऊन विहिरीपर्यंत जायची नि परत फिरायची. दोन दिवसांत तिचं पोट दुखायला लागलं, तेव्हा मात्र मी घाबरलो. मग तोड काढली. मी विहिरीपाशी उभा राहून मधूनमधून खाकरायचं, तिनं आतून उत्तर द्यायचं. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकच वाटलं.

आठवडाभर सुरळीत चाललं.

त्या रविवारी ऊन चढलं होतं. मी खाकरलो, उत्तर आलं. पुन्हा खाकरलो, पुन्हा आलं. वेळ लागतोय असं वाटलं, पण आवाज तिचाच होता.

कमळाबाईंनी धुणं संपवलं, वाळत घातलं.

"कवाची गेलीय ती?"

मी खाकरलो. उत्तर लगेच आलं.

दाराखालून रक्ताचा ओघळ वरच्या पायरीवर आला होता.

मी दार ओढलं. चंद्रा भिंतीशी कलंडली होती. हात गार, दातखीळ बसलेली.

सुईण म्हणाली, दार उघडण्याआधी अर्धा तास तरी ती बेशुद्ध पडलेली असणार. चंद्रा वाचली. मुलगा गेला. तो अर्धा तास मी दहा पावलांवर उभा होतो, हे मी स्वतःला माफ करू शकत नाही.

आता चंद्रा घाबरत नाही. दिवसातून चार-पाचदा परसात जाते, पायरीवर बसते, हळूच खाकरते. आतून उत्तर येतं. बारीक, कोवळं. मीही ऐकलंय.

काल माझ्या बदलीचा हुकूम आला. मी ट्रंक भरायला घेतली. चंद्रानं त्यातली आपली लुगडी काढून पुन्हा दांडीवर ठेवली.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "तो अजून फार लहान आहे."