मधली जागा

लग्न ठरलं तेव्हा ताईंना पहिली चिंता पडली ती कपाटाची.

इस्पितळातल्या औषधांच्या खिडकीमागे त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणत. डोळे मिटून हात घालावा आणि हवी तीच बाटली हाती यावी, अशी त्यांच्या फळ्यांची शिस्त होती. घरही तसंच. नवरा फार लवकर गेला. लेकीला एकटीनं वाढवलं, तर ती घरांच्या आतल्या सजावटीचं शिकून दुसऱ्या शहरात नोकरीला लागली. त्यानंतर त्या दोन खोल्यांत ताईंशिवाय कुणी चमचासुद्धा इकडचा तिकडे केलेला नव्हता.

आणि आता या घरात मास्तर येणार होते.

मास्तर तलावावर मुलांना पोहायला शिकवायचे. पाण्यात राहून राहून त्यांचा कान दुखायचा, म्हणून ते थेंब न्यायला खिडकीवर येत. पुढेपुढे पहिली बाटली संपायच्या आतच दुसरीला येऊ लागले, तेव्हा ताईंच्या ध्यानात आलं की दुखणं कानाचं नाही. माणूस हसरा होता, सरळ होता. पण ताई एकदा त्यांच्या खोलीवर गेल्या तर खुर्चीवर टॉवेल, टॉवेलावर शर्ट आणि शर्टांवर परत टॉवेल. मास्तरांनी तो सगळा ढीग पलंगावर हलवून त्यांना बसायला जागा करून दिली आणि समजावलं की ढिगाच्या वर असतं ते रोज लागणारं, ही त्यांची पद्धतच आहे. ताईंनी निमूटपणे चहा घेतला आणि घरी येऊन आपल्या कपाटाची मापं काढली.

लेक मदतीला धावून आली. दोघींनी जुनं कपाट पलंगावर रिकामं केलं. ठेवायचे, देऊन टाकायचे आणि जीव तुटतोय असे तीन ढीग झाले, त्यात तिसराच सगळ्यांत मोठा. मग लेकीनं समोरच्या कोऱ्या भिंतीवर भिंतभर नवं कपाट आखलं. लांब कपड्यांसाठी उंच भाग, शर्टांसाठी वरखाली दोन दांड्या. रोजचं सगळं कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या टप्प्यात, हंगामाबाहेरचं वर, जड ते तळाला. सगळं झकास जमलं. घोडं अडलं ते एकाच ठिकाणी, मास्तरांना किती जागा द्यायची. ताईंनी बराच विचार करून एक कोपरा दाखवला.

लेक मापाची पट्टी गुंडाळता गुंडाळता थांबली.

"आई, त्यांना पाहुण्यासारखं ठेवायचं असेल तर लग्न कशाला करतेस?"

ताईंना ते लागलं. त्यांनी अर्धं कपाट दिलं. फक्त दांडीच्या बरोबर मध्यावर एक निळी फीत बांधली, म्हणजे कुणाचं कुठपर्यंत हा घोळ नको. लेक हसली, पण तिनं ती राहू दिली.

लग्न छान झालं. तलावावरची सगळी वानरसेना जेवायला आली आणि तिनं वाढप्यांना दमवलं. लेकीनं मास्तरांना बाजूला घेऊन बजावलं की आजपासून 'ताई' हा शब्द बंद. मास्तरांची पंचाईत झाली. दुसरा शब्द जिभेवर येईना, म्हणून ते आपले "ऐका ना" म्हणू लागले.

ताई पसाऱ्याची वाट पाहत राहिल्या, पण पसारा झालाच नाही. मास्तरांच्या बाजूचं दार उघडावं तर शर्ट फिकट रंगाकडून गडदाकडे ओळीनं लावलेले, बटणांची बाजू एकीकडे, टॉवेलांच्या तीन घड्या आणि घडी बाहेर. ताईंना भरून आलं. आपल्यासाठी या वयात हा माणूस इतका बदलला, हे त्यांनी इस्पितळात चारचौघींना सांगितलं. शेवटी एकदा त्यांनी मास्तरांजवळ कौतुक केलं, तर ते गोंधळून बघतच राहिले. ते म्हणाले की आपण तर सगळं खालच्या कप्प्यात कोंबतो आणि दार पटकन लावून घेतो. बायको मागून आवरते आणि चकार शब्द काढत नाही, म्हणून आपणच तिचं कौतुक तलावभर सांगत फिरतोय.

दोघांनाही वाटलं, समोरचा मोठेपणा घ्यायला लाजतोय. नवी नवलाई होती. कुणी फार खोलात शिरलं नाही.

मग हरवलेल्या वस्तू सापडू लागल्या. मास्तरांच्या विजोड मोज्यांना जोड मिळाले. ताईंचं एक कानातलं लेक शाळेत असताना पडलं होतं, ते एका सकाळी रुमालांच्या कप्प्यात मधोमध ठेवलेलं दिसलं. पुसून लख्ख केलेलं. कपाट नवं होतं आणि ते बनायच्या आधी ती भिंत कोरी होती. हा विचार ताईंच्या मनात आला, पण कानातलं मिळाल्याच्या आनंदात तो मागे पडला.

एका सकाळी फीत सरकलेली दिसली.

चार बोटं, ताईंच्या बाजूला. त्यांना हसू आलं. जागा पुरत नव्हती तर मागायची होती, त्यात काय लाजायचं? पण मास्तरांनी गळ्याशपथ घेतली. मग त्यांनीच फीत सोडून मध्यावर पुन्हा बांधली, तलावावर दोर बांधतात तशी गच्च गाठ मारून. दुसऱ्या दिवशी फीत दांडीवर नव्हतीच. सुबक गुंडाळी करून फळीवर ठेवलेली होती. ताईंचे कपडे डावीकडे सरकले होते, मास्तरांचे उजवीकडे, आणि मध्ये दांडी उघडी होती.

लेक आली तेव्हा ताईंनी तिला हसत हसत ते दाखवलं. तिनं दांडीवर पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध उभा राहिला, कुठे उतार नाही. नवं लाकूड आहे, बसतंय, असं काहीतरी ती बोलली. मग सवयीनं तिनं मधल्या जागेचं माप घेतलं, आणि पट्टी पुन्हा लावून पाहिली.

"एका माणसाच्या कपड्यांना लागते तेवढी आहे," ती म्हणाली. "कुणी आखून घेतल्यासारखी."

ती संध्याकाळच्या गाडीनं जाणार होती. दुपारच्याच गाडीनं गेली.

मास्तरांनी मात्र त्या जागेला नावच देऊन टाकलं. तिसरे. चहा उरला की "तिसऱ्यांना विचारा," आणि बिस्किटं संपली की नाव तिसऱ्यांचं. ताईंनी एकदा त्या जागेत थंडीचे कोट लावून पाहिले. कामावरून परत आल्या तर कोट पलंगावर होते, बाह्या आत घेऊन घातलेल्या घड्या. रागानं फेकलेले नव्हते. उलट फार अदबीनं परत केल्यासारखे दिसत होते. ताईंनी ते उचलून माळ्यावर ठेवले आणि मधल्या दांडीवर रिकामे हँगर अडकवून दिले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आलेल्याला पाणी विचारावं तसं ते हातून झालं.

नंतर चपलांच्या मांडणीत दोन जोडांच्या मध्ये जागा झाली. न्हाणीघरात मधल्या खुंटीवरचा टॉवेल रोज शेजारच्या खुंटीवर जाऊ लागला.

आणि घर कधी नव्हे इतकं हसतं झालं. चमचा हलला तर ज्यांचा जीव खालीवर व्हायचा, त्या ताई आता कपडे अंग चोरून लावायला शिकल्या. मास्तरांचा ओला टॉवेल खुर्चीवर दिसला तरी त्यांना राग येईना. एका रविवारी कांदा कोण चिरणार यावरून दोघांची जुंपली, आणि भांडणाच्या भरात दोघं एकमेकांना तू म्हणाली. मग दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मास्तर म्हणाले, कांद्याचं आहे.

कामावर एकदा ताई नव्या मदतनीस मुलीला फळ्या समजावून देत होत्या. हा खण रिकामा का, तिनं विचारलं. रिकामा खण म्हणजे तिथे माल यायचा असतो, आपण आधी जागा करून ठेवतो, ताईंनी नेहमीच्या सुरात सांगितलं. सांगून झालं आणि हातातलं गोळ्यांचं पाकीट त्यांनी तसंच धरून ठेवलं. मुलीला पुन्हा हाक मारावी लागली.

मग तलावावरच्या मुलांच्या शर्यती दुसऱ्या गावी लागल्या. मास्तर ताईंनाही घेऊन गेले. पोरांनी बक्षिसं मारली, ताई ओरडून ओरडून घसा बसवून आल्या. घरी पोचल्या ते भर दुपारी. बॅगा रिकाम्या करायला त्यांनी कपाट उघडलं.

मधली जागा नव्हती.

कपडे एकमेकांना खेटून होते. ताईंच्या बाह्या मास्तरांच्या बाह्यांत अडकलेल्या. रिकामे हँगर एका टोकाला नीट लावलेले. चपलांच्या मांडणीतली फट बुजली होती. न्हाणीघरात टॉवेल मधल्या खुंटीवर होता.

मास्तर बराच वेळ दार धरून उभे राहिले.

"गेले वाटतं," ते म्हणाले.

त्यांचा चेहरा उतरला होता. ताईंनी त्यांची थट्टा केली, पण त्यांनाही चुकल्याचुकल्यासारखं झालं. कपाट आता अगदी लेकीनं आखलं होतं तसं होतं. अर्धं तुझं, अर्धं माझं. असं कपाट पाहून आपल्याला वाईट वाटेल, असं त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

प्रवासानं दोघं आंबून गेली होती. लवकरच झोपली.

सकाळी ताईंना जाग आली ती छान झोप होऊन. सुट्टीचा दिवस होता. पडद्यातून ऊन येत होतं, खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आज काहीच करायचं नाही, असं ठरवून त्या खिडकीकडे तोंड करून पडून राहिल्या. अंगभर सुख होतं.

मग त्यांना कळलं की आपण पलंगाच्या अगदी कडेला आहोत. एक पाय तर बाहेरच लोंबतोय.

त्यांना हसू आलं. हे झोपेतसुद्धा हातपाय मारत पोहतात, त्यांनी मनाशी म्हटलं, आणि मास्तरांना ढकलायला मान वळवली.

मास्तर पलीकडच्या कडेला होते. पाठमोरे. त्यांचाही एक हात पलंगाखाली लोंबत होता.

मध्ये पांघरूण होतं. ते सपाट नव्हतं.

ताईंनी मान सावकाश पुन्हा खिडकीकडे वळवली. ऊन होतं तिथेच होतं.

"सरक ना गं जरा तिकडे," मास्तर झोपेतच पुटपुटले. "पडेन मी."

ताई हलल्या नाहीत. हलायला जागाच नव्हती.

गादी मात्र हलकेच दबली. कुणीतरी समजूतदारपणे थोडं अलीकडे सरकलं, आणि ताईंच्या पाठीला ऊब लागली.