लवकर या

दुपारचे सव्वादोन वाजले होते. सन एक्क्याऐंशीचा मे महिना. वीज गेली, नागपूरच्या दवाखान्यातल्या लेकरांच्या वॉर्डातला कूलर घरघरत थांबला, आणि कौशल्या रिकामा तांब्या घेऊन उठली. व्हरांड्याच्या टोकाला माठ होता. जाऊन यायला असा कितीसा वेळ लागणार? पण छबूला एकटं टाकायचं तिच्या जिवावर यायचं. दहा महिन्यांची पोर, जुलाबांनी पार सुकून गेलेली. रडायची, पण डोळ्यांत टिपूस नाही. नवरा, देवराव, संत्र्याच्या झाडांना पाणी द्यायला नरखेडला परत गेलेला. हक्काचं माणूस असं जवळ कोणीच नव्हतं.

बाहेर रस्ता ओस पडला होता. दारांवरच्या वाळ्याच्या ताट्या कधीच्या वाळल्या होत्या आणि लूची झळ त्यांवर धडका देत होती. बाकीच्या आया खाटांखाली फरशीवर पदर टाकून निजल्या होत्या.

कौशल्या तांब्या भरून परतली, तर छबूच्या खाटेवर एक मुलगी बसलेली. पांढरा कोट, एक वेणी, विशीसुद्धा गाठली नसेल. तिने छबूच्या पोटाची कातडी हळूच चिमटीत धरली आणि सोडली.

"रडते तर डोळ्यात पाणी येते का हो हिच्या?"

"नाही नं बाई... कालपासून नाही."

"येईल. मीठ-साखरेचं पाणी पाजू आपण. चमचा चमचा. उलटी झाली तरी थांबायचं नाही, थोडं दम घेऊन पुन्हा द्यायचं." तिने वाटी घेतली. "मी अरुंधती. डॉक्टरकी शिकून राहिली. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही काही जण अभ्यास करतो, या पाण्यानं लेकरं किती लवकर सावरतात ते पाहायचं."

"म्हणजे सुट्टीत घरी नाही गेल्या?"

"हे झालं का जाईन. उमरेडला माय वाट पाहून राहिली." ती हसली. "मागावर विणता विणता दाराकडे पाहते, तर धोटा चुकते म्हणे तिचा."

छबूने मान वळवली नाही. चमचा घेतला, पुन्हा घेतला. कौशल्याचा हात त्या मुलीच्या हाताला लागला. एवढ्या काहिलीत तो हात माठाच्या बुडासारखा गार होता. आणि वास येत होता, कच्च्या कांद्याचा. त्यात नवल नव्हतं. नागपुरात उन्हात निघणारा माणूस लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतोच.

वाटी संपली तशी ती उठली. "येते मी."

"या बाई," कौशल्या काकुळतीने म्हणाली, "लवकर या!"

मुलगी दाराशी थबकली. दमलेलं माणूस पुन्हा कामाला बोलावल्यावर पाहतं तसं तिने पाहिलं. मग मान हलवली आणि गेली. तेवढ्यात कूलर सुरू झाला.

दुसऱ्या दुपारी वीज गेली आणि ती आली. पुन्हा वाटी, पुन्हा चमचा. त्या दिवशी छबू रडली आणि तिच्या गालावरून पाणी ओघळलं. लेकीच्या डोळ्यांतलं पाणी बघून हरखणारी आई कुणी पाहिली आहे? कौशल्याने तो थेंब बोटावर घेतला आणि कपाळाला लावला.

संध्याकाळी फरशी पुसायला पार्वतीबाई आल्या, वॉर्डातल्या जुन्या आयाबाई.

"काय वं, आज लई खुशीत?"

"अरुंधतीबाईनं पाणी पाजलं नं. लेक रडली माही!"

पार्वतीबाईंच्या हातातलं फडकं थांबलं. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि खाटेच्या कडेला टेकल्या.

"कांद्याचा वास आला?"

"हो... काहून?"

"मागच्या उन्हाळ्यातली पोरगी ते. इथंच, याच अभ्यासाले होती. वॉर्डातली साखर सरली. एक बाई भर दुपारी आणाले निघाली, तर हिनं आपल्या खिशातला कांदा तिले देल्ला आणि म्हणे, तुम्ही लेकराजवळ बसा, मी जाते. दारातून म्हणाली, येते मी. बाई म्हणाली, लवकर या." पार्वतीबाईंनी पदराने तोंड पुसलं. "रस्त्यातच ऊन लागलं. आलीच नाही."

कौशल्याने खाटेवरच्या रिकाम्या वाटीकडे पाहिलं.

"मले नाही दिसत ते," पार्वतीबाई म्हणाल्या. "जिचं लेकरू सुकलं तिलेच दिसते. आणि जे-ते तिले म्हणते, लवकर या. मंग तिले यावंच लागते नं! कोणी तरी म्हणायले पाहिजे, जा माय, आता घरी जा. पण दवाखान्यात 'जा' म्हणायले कोणाची जीभ वळते? अशुभच नं ते! उमरेडले तिची माय अजून दाराले कडी लावत नाही म्हणते..."

रात्रभर कौशल्या छबूला पोटाशी धरून जागीच. भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा जास्त ती दाराला कडी न लावणारी बाई डोळ्यांपुढून हलत नव्हती. तिचंही लेकरूच होतं. पहाटे तिने ठरवलं. आज दुपारी म्हणायचं.

सकाळी डॉक्टर म्हणाले, पोर सावरली, चारच्या मोटारीने घेऊन जा. दुपारी वीज गेली. वास आला. कौशल्याने मान वर केली तर मुलगी समोर होती. कोटाच्या काठाला रस्त्याची धूळ, ओठ सुकून चिरलेले. तिने छबूच्या टाळूवर, परवा खड्डा पडला होता तिथे, हात ठेवला, खुशीने पुटपुटली, "भरली आता." आणि उठली.

"येते मी."

कौशल्याने सगळा धीर गोळा केला. 'जा' जिभेवर आलंच होतं. मुलगीसुद्धा दाराशी थांबली, काही ऐकायला मिळेल अशा आशेने. आणि नेमकी छबूला उचकी लागली, घोटभर पाणी बाहेर आलं...

"या!" कौशल्याच्या तोंडून निघून गेलं. "लवकर या!"

मुलीने सावकाश मान हलवली.

ती उलटी तेवढीच होती. छबू हसत हसत नरखेडला आली. घरी कौशल्याने तिचं गाठोडं सोडलं, तर दुपट्यात एक कांदा. मोटारीतल्या भट्टीतून आलेला, तरी नुकताच ओल्या मातीतून उपटल्यासारखा गार. आता छबू परकर सांभाळत शाळेत जाते. कांदा अजून शिंक्यावर आहे. कुजत नाही, वाळत नाही. दर मे महिन्यात त्याला एक हिरवा कोंब फुटतो, आणि तो नेहमी दाराच्या बाजूला वळतो.

तर बायांनो, तुमचं लेकरू कधी तिथं बरं झालं आणि कांद्याचा वास आला, तर जीभ घट्ट करून एवढं म्हणा, जा माय, घरी जा. आणि तुमच्यानेही नाहीच झालं, तर निदान शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या कानावर घाला.